चिंधीचा शब्द

१

रोज सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर उचलून पडदेवाली आधी चिंधीला फिरवून आणायची आणि मगच मशीनवर बसायची. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीला तिच्या हातचा पडदा होता, म्हणून सगळे तिला पडदेवालीच म्हणायचे. नवरा शहरबस चालवायचा. चिडवायचं असलं की तोही हीच हाक मारायचा. घर रेल्वेच्या डब्यासारखं सरळ होतं: पुढे दुकान, मध्ये कापडाच्या गुंडाळ्यांची खोली, मागे स्वयंपाकघर; वर फक्त झोपायची खोली. चिंधी तिला उरलेल्या कापडांच्या टोपलीत झोपलेली सापडली होती. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडलेला. "टोपलीत एक चिंधी जास्त निघाली," असं नवरा म्हणाला आणि तेच नाव पडलं.

त्या वर्षी आधी पाववाल्याचा म्हातारा कुत्रा बागेच्या कुंपणाशी पाय झाडून गेला. मग शाळेतल्या बाईंचं पिल्लू. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळ्या कुत्रेवाल्यांना बोलावून घेतलं. टेबलावर काचेच्या वाटीत एक मांसाचा गोळा ठेवला होता.

"हा पिल्लाशेजारी मिळाला. आत विष आहे. चुकून पडलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम भरलंय," त्या म्हणाल्या.

पडदेवाली वाकून बघत राहिली. आयुष्य हाताने काम करण्यात गेलेलं, त्यामुळे तिची नजर आधी हाताच्या वळणावर गेली. गोळ्यावर बोटाची एकही खूण नव्हती. अंड्यासारखा गुळगुळीत होता तो.

"हा वळला कशाने?" तिने विचारलं.

"हातमोजे घातले असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते पटण्यासारखं होतं.

२

"तुम्ही चोवीस तास कुत्र्याच्या तोंडापाशी बसू शकत नाही," डॉक्टरीणबाई समजावत होत्या. "म्हणून तोंडच शिकवायचं. जमिनीवर पडलेलं खायचं नाही, परक्याच्या हातचं खायचं नाही, आणि घरच्या ताटलीतलंसुद्धा शब्दाशिवाय नाही. शब्द प्रत्येकाचा वेगळा. दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही."

घरी येईपर्यंत पडदेवालीच्या अंगात वारं भरलं होतं. तिने चप्पल काढायच्या आधीच नवऱ्याला शब्द शोधायला बसवलं.

"असा हवा, जो आपल्या तोंडी चुकूनही येणार नाही."

"मग ‘सुट्टी’ ठेव," नवरा म्हणाला. "कित्येक वर्षांत माझ्या तोंडून निघालेला नाही."

"थट्टा नको रे."

"बरं, कासव. घरात कासव नाही, गल्लीत नाही, बसमध्येही अजून कुणी चढलेलं नाही."

कासव ठरलं. दार लावून, चिंधीच्या कानाशी, हळूच म्हणायचं.

पहिले काही दिवस चिंधीने नाकी नऊ आणले. ताटली ठेवली की झडप. पडदेवाली ताटली उचलायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची. तिच्या शिलाया रखडल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली, पण तिला फिकीर नव्हती. आणि एका दुपारी ते जमलं. उकडलेल्या मांसाचा तुकडा चिंधीच्या पुढ्यात होता. चिंधी मागच्या पायांवर ताठ बसली होती, लाळेची तार जमिनीपर्यंत आलेली, पण डोळे मात्र पडदेवालीच्या तोंडाकडे. सगळा जीव त्या डोळ्यांत. पडदेवालीने श्वास रोखून धरला, जितका धरवेल तितका. मग म्हणाली, "कासव."

तुकडा गायब झाला. ती जमिनीवरच बसली आणि चिंधीला मिठीत घेऊन इतकी हसली, की नवरा वरच्या खोलीतून धावत खाली आला.

३

मग गल्लीभर तेच वेड लागलं. पडदेवाली घरोघर जाऊन शिकवू लागली. शब्द कुत्रेवाल्याने म्हणायचा असला की पाठ फिरवायची, कानांत बोटं घालायची. समोरचे कुलूपवाले काका एकटे राहायचे. त्यांची किल्ली नावाची काळी कुत्री सगळ्यांत आधी तयार झाली. काका म्हणायचे, "माणसं साठ वर्षांत शिकत नाहीत, हिने आठवड्यात केलं."

परीक्षा लवकरच झाली. सकाळच्या फेरीत बागेच्या फाटकाशी चिंधी एकदम थांबली आणि ताठ बसली. पुढ्यात, गवताच्या काठावर, गुळगुळीत गोळा. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, पडदेवालीच्या तोंडाकडे बघत होती. पडदेवालीने रुमालात गोळा उचलला, चिंधीला कवटाळलं आणि दवाखान्यापर्यंत पळत सुटली. वाटेत दिसेल त्याला सांगत गेली. पाववाल्याने दुकान सोडून तिचा हात हातात घेतला. त्या दिवशी गल्ली एखादा सामना जिंकल्यासारखी वागत होती.

गोळे येतच राहिले, पण कुत्री मरेनात. पोलिस येऊन चौकशी करून गेले. काकांनी आपल्या दाराशी कॅमेरा लावला. त्यात एका क्षणी पायरी रिकामी दिसे आणि पुढच्या क्षणी तिच्यावर गोळा. मध्ये कोणीच नाही.

"अडखळतोय कॅमेरा," काका म्हणाले. "स्वस्तातला आहे."

एक गोष्ट फक्त पडदेवालीच्या ध्यानात आली. गोळे आधी बागेत सापडायचे. मग फाटकाबाहेर. मग गल्लीच्या तोंडाशी. आता पायऱ्यांवर. जो कोणी होता, तो हरून मागे जात नव्हता. पुढे येत होता.

आणि खरं सांगायचं तर, त्या विचारानेही तिला चेवच आला. येऊ दे, ती मनाशी म्हणाली. आम्ही तयार आहोत.

४

एका दुपारी ती मशीनवर लांबलचक पडद्याची किनार मारत होती. चिंधी पायाशी नव्हती. हाक मारली तरी आली नाही. पडदेवालीने मान वळवून मधल्या खोलीत पाहिलं.

कापडाच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर चिंधी बसली होती. मागच्या पायांवर, ताठ, लाळेची तार जमिनीपर्यंत. तिचे डोळे वर लागले होते, माणसाचं तोंड जिथे असतं तितक्या उंचीवर.

समोर कुणी नव्हतं.

"चिंधे, काय आहे तिथे?"

चिंधीचा पडलेला कान हलला, नजर हलली नाही. पडदेवाली उठून आत गेली, गुंडाळ्या बाजूला केल्या, मागची भिंत चाचपली. उंदीर असेल. कापडाला कसला वास लागला असेल. कुत्र्यांना काय, भिंतीतलाही वास येतो. ती हे सगळं स्वतःला मोठ्याने सांगत होती. चिंधी तिच्या पायांना वळसा घालून पुन्हा त्याच जागी बसली आणि वर बघू लागली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं.

"भूक लागली असेल तिला," तो म्हणाला.

"भूक लागली की माझ्याकडे येते. ती वाट बघत होती रे. कुणीतरी खायला धरून उभं आहे आणि शब्द सांगत नाहीये, तशी."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "तू जरा दोन दिवस विश्रांती घे," तो म्हणाला, पण उठून मधल्या खोलीचा दिवा लावून आला.

५

किल्ली त्याच आठवड्यात गेली.

सकाळी काकांचं दार उघडं दिसलं आणि पडदेवाली रस्ता ओलांडून आत शिरली. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात पुसत होत्या. किल्ली पलंगाखाली आडवी पडलेली. शेजारी तिची ताटली, चाटूनपुसून लख्ख.

"दाराला आतून तीन कुलपं होती," काका म्हणाले. "खिडक्यांना गज. माझं काम आहे ते. माझ्या घरात मला न कळता मुंगी शिरत नाही."

"काका, तिने खाल्लंच कसं? शब्दाशिवाय ती…"

"शब्द झाला," काका म्हणाले.

पडदेवालीला क्षणभर अर्थच लागला नाही.

"मी न्हाणीघरात होतो. बाहेरून ऐकू आलं, ‘चांदणं’. तोच शब्द ठेवला होता मी, कुणाला सांगितला नव्हता. आता कुणापासून लपवायचा? आणि आवाज कुणाचा होता, सांगू? माझा. मी आत उभा, तोंडाला साबण, आणि बाहेर मीच तिला जेवायला सांगतोय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्हाला धक्का बसलाय."

"बसलाय ना. पण आधी कुठे बसला होता? चार दिवसांपासून ऐकतोय मी. भिंतीकडून पुटपुटल्यासारखं यायचं. चादर. चाळण. चामडं. चांदी. मला वाटलं शेजारचा रेडिओ. माणूस कुलपाला किल्ल्या लावून बघतो ना एकामागून एक, तसं चाललं होतं. मलाच ओळखू आलं नाही. मला, कुलूपवाल्याला."

पडदेवाली घरी आली. शटर खाली ओढून तिने मशीन बंद केलं, पंखा बंद केला, आणि घरात जितकी शांतता होऊ शकते तितकी होईपर्यंत उभी राहिली.

मधल्या खोलीतून येत होतं. अगदी हळू, न थकता, एखादं मूल धडा पाठ करतं तसं.

"कागद," आवाज म्हणाला. "कापूस. काजळ."

चिंधी गुंडाळ्यांसमोर बसली होती.

"कावळा."

६

नवरा ड्यूटी अर्ध्यावर टाकून बस घेऊनच आला. त्याने मधल्या खोलीत उभं राहून ऐकलं आणि त्याच्या तोंडावरची थट्टा पुसली गेली. बोलायची सोय नव्हती. तो पडदेवालीला आणि चिंधीला घेऊन सरळ रस्त्यावर आला. उभ्या बसमध्ये, इंजिन चालू ठेवून, तिघं मागच्या बाकावर बसले.

"शब्दच नको," नवरा कुजबुजला. "शब्द शोधून काढता येतो. खूण ठेवू. हाताची."

"कुठली?"

त्याने बोलून दाखवलं नाही. चिंधीच्या उभ्या कानामागे दोन बोटं टेकवली, किंचित दाबली आणि पडदेवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याच बसमध्ये त्यांनी चिंधीला नव्याने शिकवायला घेतलं. खिशातून बिस्किटं काढायची, पुढ्यात ठेवायची, "कासव" म्हणायचं आणि तिने तोंड पुढे केलं की उचलून घ्यायची. दोन बोटं टेकली तरच खायचं. चिंधी गोंधळली, कुरकुरली, मग तिला समजलं. पडदेवालीला भीतीच्या जोडीला तोच जुना कैफ चढला. हे कुत्रं काय वाटेल ते शिकेल. हिच्यापर्यंत पोचणं त्याला जमायचं नाही.

दोघांनी ठरवलं, महिनाअखेरीस घर सोडायचं. तोवर ती खूण घरात बोलून दाखवायची नाही, एकमेकांतसुद्धा नाही. चिंधीला जेवायला घालायचं ते बसमध्ये.

मधल्या खोलीतला आवाज आपला पुढे चाललाच होता. पडदेवाली मशीन जोरात चालवायची, रेडिओ लावायची. तरी दोन टाक्यांच्या मधल्या फटीतून तो यायचा. "कासार." आणि दुसऱ्या दिवशी, "कासरा." ती दात आवळून शिवत राही. सापडू दे तुला, ती मनात म्हणे. सापडून उपयोग नाही, हे तुला कुठे माहीत आहे.

चिंधीला आता दोरीने तिने मशीनच्या पायाशी बांधलेलं असायचं.

७

दोरी चिंधीने कुरतडली की आपोआप सुटली, ते कळलं नाही. भर दुपार होती. शटर पूर्ण उघडं, रस्त्यावर ऊन, पाववाल्याच्या भट्टीचा वास. पडदेवाली सुईत दोरा ओवत होती. आणि मागून, तिच्या स्वतःच्या आवाजात, ती चिंधीला लाडाने म्हणते तस्संच, कोणीतरी म्हणालं:

"कासव."

ती कात्री घेऊन उठली आणि मधल्या खोलीच्या दारात पोचली.

चिंधी बसलेली होती. पुढ्यात तिचीच ताटली, तिच्यात गोळा. चिंधी थरथरत होती, पण तोंड लावत नव्हती. शिकलेलं विसरली नव्हती ती. पडदेवालीच्या छातीत विजयाची अशी लाट उसळली की ती जवळजवळ हसलीच.

मग चिंधीच्या कपाळावरचे केस दबले.

वारा नव्हता. केस तळव्याएवढ्या जागेत चपटे झाले, क्षणभर तसेच राहिले आणि पुन्हा उभे झाले. मग पाठीवरचे दबले. मग हनुवटीखालचे. चिंधीचं डोकं थोडं वर उचललं गेलं, कोणी बोटाने उचलावं तसं. घाई कसलीच नव्हती. इथे? की इथे? मानेवर. पडलेल्या कानामागे. तिथे दोन छोटे खळगे उमटले, शेजारी शेजारी.

दोन. त्याला इतकं तरी समजलं होतं.

खळगे पुसले गेले. चिंधीचा उभा कान हळूच एका बाजूला वाकला.

पडदेवालीला नंतर कात्री कुठे पडली ते आठवलं नाही. ताटली लाथेने उडाली, गोळा गुंडाळ्यांमागे गेला आणि ती चिंधीला छातीशी धरून दुकानातून, शटरखालून, उन्हात आली. तिच्या दंडाला काहीतरी घासून गेलं होतं, कोरडं आणि गुळगुळीत. बोटांना जे असतं ते त्याला काहीच नव्हतं. ना रेषा, ना नखं.

रस्त्याच्या मधोमध ती चिंधीच्या तोंडात बोटं घालून बघत होती. दाढांपर्यंत. तोंड रिकामं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी पुन्हा तपासलं. "काही गेलं नाही पोटात," त्या म्हणाल्या, आणि पडदेवालीचा जीव भांड्यात पडला. काकाही आले. त्यांनी तिला काही विचारलं नाही. पाववाल्याकडून खुर्ची आणली, तिला बसवलं आणि स्वतः तिच्या उघड्या दुकानाकडे तोंड करून उभे राहिले.

त्या घरात ती पुन्हा गेली नाही. सामान नवऱ्याने आणि काकांनी काढलं.

८

शहराच्या दुसऱ्या टोकाला बहिणीचं घर होतं, चौथ्या मजल्यावर, उजेडाचं. बहीण कारखान्यात पाळीवर जायची. तिने कारण न विचारता एक खोली मोकळी करून दिली आणि मशीनसाठी खिडकीजवळची जागा.

इथे पडदेवालीने खुणा आणि शब्द दोन्ही सोडून दिले. नवी रीत काढली, जी कोणाला चोरता येणार नव्हती: आधी स्वतः खायचं. चिंधीच्या ताटलीतला पहिला घास ती आपल्या तोंडात घालायची, चावायची, गिळायची. चिंधी घशाकडे बघत राहायची, आणि घास खाली उतरला की मगच तोंड लावायची.

"अगं, कुत्र्याचं जेवण जेवतेस तू?" बहीण म्हणाली.

"तुझ्या हातच्यापेक्षा बरं असतं," पडदेवाली म्हणाली, आणि दोघी कितीतरी दिवसांनी खदखदून हसल्या.

दिवस चांगले गेले. नवीन गिऱ्हाइकं मिळाली. चिंधी अंगाने भरली. नवऱ्याची थट्टा परत आली. मधली खोली नव्हतीच इथे, भिंती पातळ होत्या आणि त्यांतून ऐकू यायचं ते शेजाऱ्यांचं भांडण. पडदेवाली कान देऊन ऐकायची आणि तिला ते भांडण गोड वाटायचं.

एका दुपारी ती पडद्यांचं माप घेऊन परतली. पायऱ्या चढून भूक सपाटून लागली होती. चिंधी तिच्याबरोबरच होती. दार उघडलं तर टेबलावर ताट वाढून झाकून ठेवलेलं. बहीण कामाला जाताना ठेवून गेली असणार. तिने हात धुतले, खुर्ची ओढली, झाकण काढलं. वाफ आली. तिच्या आवडीचं सगळं होतं, जसं आवडतं तसं. ती ताट बघत बसली आणि तोंडाला पाणी सुटलं.

वाफ अजून येत होती. बहीण सकाळीच गेली होती.

हे तिच्या मनात आलं, पण दुरून, दुसऱ्या कोणाच्या तरी मनात आल्यासारखं. आपण ताठ बसलो आहोत, हेही तिला दुरूनच जाणवलं. हात मांडीवर. नजर ताटावरून उठून समोर, जरा वर लागलेली, उभ्या माणसाचं तोंड असतं तितक्या उंचीवर.

स्वयंपाकघराच्या दारातून बहिणीचा आवाज आला. दमलेला, मायेचा, रोजचा.

"जेवून घे गं."

हा शब्द कोणाला शोधायची गरजच नव्हती. तो सगळ्यांनाच माहीत होता.

तिचा हात ताटात गेला. बोटांनी घास उचलला. मनगटावर एकदम गरम ओलसर काहीतरी आवळलं. चिंधीने मनगट दातांत धरलं होतं. चावली नव्हती, पण सोडतही नव्हती. घशातून न थांबणारी, बारीक गुरगुर येत होती आणि तिचे डोळे पडदेवालीच्या घशावर रोखलेले होते.

घास सुटून ताटात पडला. अंड्यासारखा गुळगुळीत होता तो.

समोरची खुर्ची कुणीतरी बसावं तशी करकरली.

"घे ना," बहिणीचा आवाज म्हणाला, आता टेबलाच्या पलीकडूनच. चिंधीने दात आणखी घट्ट केले.